हॉटेलच्या नावाने पाहुण्यांना बनावट संदेश जात असतील, तर काय करावे आणि कोणत्या क्रमाने

प्रश्न: पुण्याच्या शिवाजीनगर भागात चाळीसएक खोल्यांचे हॉटेल चालवणाऱ्या एका मालकांनी विचारले आहे की, त्यांच्याकडे आरक्षण केलेल्या काही पाहुण्यांना गेल्या महिन्यात व्हॉट्सॲपवर हॉटेलच्या नावाने संदेश आले. संदेशात पाहुण्याचे नाव, येण्याची तारीख, खोलीचा प्रकार आणि रक्कम हे सगळे बरोबर होते. ‘आरक्षण रद्द होऊ नये म्हणून बारा तासांच्या आत कार्डाची पडताळणी करा’ असे सांगून खाली एक लिंक दिलेली होती आणि दोन पाहुण्यांचे पैसे त्यात गेले. संगणक दुरुस्त करणारे गृहस्थ फायरवॉल (बाहेरून नेटवर्कमध्ये होणारी घुसखोरी अडवणारी यंत्रणा) घ्यायला सांगतात, तर सॉफ्टवेअर कंपनी आमच्याकडून काहीच बाहेर गेलेले नाही असे म्हणते. अशा वेळी नेमके काय करावे आणि पाहुण्यांची माहिती पुढे कशी सांभाळावी?

उत्तर: फायरवॉलचा निर्णय तूर्त बाजूला ठेवावा. आपण सांगितलेल्या लक्षणांवरून चोराने नेटवर्क भेदले असण्यापेक्षा तो आपल्याच खात्यात, आपल्याच पासवर्डने शिरला असण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे, आणि तसे असेल तर महागातली महाग फायरवॉलही त्याला अडवणार नाही. आधी चालू असलेली फसवणूक थांबवणे, मग तिची वाट शोधून बंद करणे आणि त्यानंतर पाहुण्यांची जी माहिती आपल्याकडे साठली आहे तिचा विचार करणे, हा क्रम मी सुचवेन. खरेदीची पाळी या सगळ्यानंतर येते, आणि बऱ्याच हॉटेलांत ती खरेदी फार लहान असते.

माहिती कोणत्या वाटेने गेली हे शोधायला सुरुवातीला तज्ज्ञ लागत नाही. ज्या पाहुण्यांना संदेश आले त्यांची यादी करा आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्यांचे आरक्षण कोणत्या मार्गाने आले ते लिहा. सगळे एकाच बुकिंग संकेतस्थळावरून आलेले असतील, तर त्या संकेतस्थळावरील आपले एक्स्ट्रानेट खाते, म्हणजे हॉटेल ज्यातून आपली आरक्षणे पाहते ते खाते, दुसऱ्याच्या हाती गेले आहे असे जवळजवळ धरून चालावे. वेगवेगळ्या संकेतस्थळांवरून आलेले असतील, पण थेट फोन करून किंवा समोर येऊन खोली घेतलेले एकही नसतील, तर संशय चॅनेल मॅनेजरकडे (सगळ्या बुकिंग संकेतस्थळांवरच्या खोल्या एकत्र सांभाळणाऱ्या प्रणालीकडे) किंवा सगळी आरक्षणे जिथे येतात त्या ई-मेल खात्याकडे जातो. थेट आलेले पाहुणेही यादीत असतील, तर हॉटेलचे मुख्य सॉफ्टवेअर तपासावे लागेल. एखाद्या विशिष्ट दिवसाचेच पाहुणे असतील, तर त्या दिवशी कोणी एक्सेलची यादी किंवा पडद्याचा फोटो कोणत्या ग्रुपवर टाकला हे आधी पाहावे. संदेशातील तपशीलही बारकाईने वाचावा. खोलीला संकेतस्थळावर जे नाव दिलेले असते ते आणि आपल्या सॉफ्टवेअरमधले नाव बहुधा वेगळे असते. रक्कम कर धरून लिहिली आहे की कर वगळून, हेही पाहावे. एवढ्यावरून माहिती कोणत्या पडद्यावरून उचलली गेली याचा अंदाज बांधता येतो आणि सॉफ्टवेअर कंपनीशी बोलताना आपल्या हाती पुरावा असतो.

ही चोरी होते कशी, ते रिसेप्शनवर बसणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगण्यासारखे आहे. हॉटेलच्या पत्त्यावर एक ई-मेल येतो. कधी त्यात पाहुण्याची तक्रार असते, कधी खोलीत विसरलेल्या वस्तूची चौकशी, कधी आजारी मुलासाठी विशेष व्यवस्थेची विनंती. मजकूर असा असतो की उत्तर न देणे माणुसकीला धरून वाटत नाही, आणि हॉटेलात काम करणाऱ्या माणसाचा पिंड तर मदत करण्याचाच असतो. सोबत एखादी फाईल किंवा लिंक असते. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये हॉटेल व्यवसायाला लक्ष्य करणाऱ्या अशा एका मोहिमेची माहिती प्रसिद्ध केली. ती डिसेंबर २०२४ पासून चालू होती आणि दक्षिण आशियातील हॉटेलेही तिच्या टप्प्यात होती. त्यात बुकिंग डॉट कॉमच्या नावाने ई-मेल येई, लिंक उघडल्यावर ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’ असा चौकोन दिसे आणि त्यासाठी विंडोजचे बटण व आर ही अक्षरकळ एकत्र दाबून, समोर आलेल्या खिडकीत मजकूर चिकटवून एंटर दाबायला सांगितले जाई. कर्मचाऱ्याने ते केले की संगणकावर पासवर्ड चोरणारी प्रणाली उतरत असे. व्हायरस प्रतिबंधक सॉफ्टवेअर अशा वेळी नेहमी मदतीला येतेच असे नाही, कारण आज्ञा संगणकासमोर बसलेल्या माणसानेच दिलेली असते. म्हणून सर्वांना एकच नियम सांगावा: कोणतेही खरे संकेतस्थळ पडताळणीसाठी विंडोजच्या त्या खिडकीत काही चिकटवायला सांगत नाही. ज्याने सांगितले तो चोर समजावा आणि संगणकाची इंटरनेटची वायर काढून ताबडतोब मालकांना फोन करावा.

अशी प्रणाली ब्राउझरमध्ये जतन केलेले सगळे पासवर्ड तर उचलतेच, शिवाय ज्या संकेतस्थळांवर आपण त्या क्षणी आत असतो त्यांच्या चालू सत्रांच्या खुणाही नेते. या खुणा हाती आल्या की चोराला पासवर्ड किंवा ओटीपी काहीच विचारले जात नाही. नुसता पासवर्ड बदलून स्वस्थ बसणे म्हणजे चोर घरात असताना दाराचे कुलूप बदलण्यासारखे आहे. म्हणून पुढील क्रम काटेकोर पाळावा. रिसेप्शनचा संगणक इंटरनेटपासून तोडावा, पण आतले काही पुसू नये, कारण पोलिसांना आणि तपासनीसाला तो लागतो. मग ज्यावर कधीही हॉटेलचे काम झालेले नाही अशा स्वच्छ संगणकावरून प्रथम ई-मेल खात्यात जावे, सर्व उपकरणांवरून बाहेर पडण्याचा पर्याय वापरावा, पासवर्ड बदलावा आणि द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डशिवाय ओटीपीसारखी दुसरी खूणही मागणारी) चालू करावी. ई-मेल पहिले, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याची चावी तिथे असते. त्यानंतर बुकिंग संकेतस्थळे, चॅनेल मॅनेजर, हॉटेलचे सॉफ्टवेअर, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेण्याची सेवा) आणि बँक या क्रमाने तेच करावे.

एवढे झाल्यावर खात्यांच्या आत काय बदलले आहे ते पाहावे; हा भाग अनेकदा राहून जातो. एक्स्ट्रानेटमध्ये एखादा अनोळखी वापरकर्ता जोडला आहे का, ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो क्रमांक आपलाच आहे का, पैसे जमा होण्याचे बँक खाते बदललेले नाही ना, आणि पाहुण्यांना आपोआप जाणाऱ्या संदेशाच्या नमुन्यात कोणी लिंक घुसवली आहे का, हे एकेक तपासावे. ई-मेलमध्ये ‘अमुक पत्त्यावरून आलेले पत्र परस्पर दुसरीकडे पाठवा’ किंवा ‘संकेतस्थळाकडून आलेली सूचना कचऱ्यात टाका’ असे नियम लिहून ठेवले जातात. ते तसेच राहिले तर पासवर्ड बदलल्यानंतरही माहिती वाहत राहते.

आता पाहुण्यांविषयी. येत्या काळात ज्यांचे आरक्षण आहे त्या सर्वांना आजच कळवावे. बदनामी होईल म्हणून गप्प राहण्याचा सल्ला आपल्याला मिळेल, तो मानू नये. आपल्या विश्वासावर आलेल्या माणसाचे पैसे आपण गप्प राहिल्यामुळे गेले, तर त्याची भरपाई कोणत्याही सवलतीने होत नाही. संदेश साधा असावा: आमच्या आरक्षणाची माहिती वापरून काही लोक बनावट संदेश पाठवत आहेत, आम्ही व्हॉट्सॲपवर कार्डाचा क्रमांक, ओटीपी किंवा पडताळणीची लिंक कधीही पाठवत नाही, शंका आली तर हॉटेलच्या अमुक क्रमांकावर फोन करा. शक्य असेल तिथे प्रत्यक्ष फोनच करावा. ज्यांचे पैसे गेले आहेत त्यांना तत्काळ १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवायला आणि आपल्या बँकेला कळवायला सांगावे, कारण पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आले तरच ते परत मिळण्याची आशा असते. हॉटेलच्या वतीनेही पुण्याच्या सायबर पोलिसांकडे स्वतंत्र तक्रार द्यावी आणि ती देताना वरील यादी, संदेशांची चित्रे व लिंकचा पूर्ण पत्ता सोबत न्यावा.

कायद्याचे वेळापत्रकही लक्षात घ्यावे लागते. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे कंपन्यांवर बंधनकारक आहे आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि व्यावसायिकांवरील बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. माहिती सुरक्षित ठेवण्याची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. तेव्हापासून माहिती फुटल्यास संबंधित व्यक्तींना विनाविलंब कळवावे लागेल आणि या कायद्याखालील माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत सविस्तर अहवाल द्यावा लागेल. आपल्या दृष्टीने त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, पाहुण्यांची माहिती आपल्या वतीने सॉफ्टवेअर कंपनी हाताळत असली तरी कायद्यापुढे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते. ‘आमच्याकडून काही गेले नाही’ हे त्यांचे तोंडी वाक्य म्हणून पुरेसे नाही. गेल्या तीन महिन्यांत आपल्या खात्यात कोण, केव्हा, कोणत्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) आले याची नोंद त्यांच्याकडून लेखी मागवावी. ती देता येत नाही असे उत्तर आले, तर त्या कंपनीबरोबर पुढे राहायचे की नाही याचा विचार करावा लागेल.

तातडीचे काम इथे संपते. यापुढचे काम सावकाश पण नेटाने करायचे आहे, आणि माझ्या मते खरा धोका त्यातच दडलेला आहे. हॉटेलाला जितकी माहिती घ्यावी लागते त्याहून कितीतरी अधिक माहिती ते साठवून ठेवते. मॅरियट या अमेरिकी हॉटेल कंपनीचे उदाहरण सर्वांनी अभ्यासावे असे आहे. त्यांनी २०१६ मध्ये स्टारवुड ही कंपनी विकत घेतली, तेव्हा स्टारवुडच्या आरक्षण यंत्रणेत घुसखोर २०१४ पासून वावरत होते, आणि हे उघड झाले २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये. कंपनीने नंतर दिलेल्या अंदाजानुसार पाहुण्यांच्या जास्तीत जास्त सुमारे ३८ कोटी नोंदी त्यात सापडल्या आणि ५२ लाखांहून अधिक पासपोर्ट क्रमांक कूटबद्ध न करता तसेच ठेवलेले होते. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना १ कोटी ८४ लाख पौंडांचा दंड केला. पाहुणा हॉटेल सोडून कित्येक वर्षे झाल्यावर त्याचा पासपोर्ट क्रमांक हॉटेलाला कशासाठी लागत होता, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देता येत नाही. आपल्याकडे प्रमाण लहान असले तरी प्रश्न तोच आहे.

एक दिवस काढून आपल्या हॉटेलात पाहुण्यांची माहिती कुठे कुठे पडली आहे हे पायी फिरून पाहावे. सॉफ्टवेअरमधली माहिती सर्वांना ठाऊक असते. पण काउंटरच्या खणातले आधारचे झेरॉक्स, स्कॅनरमधून आलेल्या आणि संगणकाच्या ‘डाउनलोड्स’मध्ये साठलेल्या ओळखपत्रांच्या प्रती, कंपन्यांनी पाठवलेल्या पाहुण्यांच्या याद्या, लग्नाच्या वऱ्हाडाच्या खोल्यांचे एक्सेल, पार्किंगची वही, वाय-फायसाठी मोबाइल क्रमांक घेणाऱ्या कंत्राटदाराचा सर्व्हर, हेही सगळे साठेच आहेत. आणि या सर्वांपेक्षा मोठा साठा रिसेप्शनवरच्या मुलामुलींच्या वैयक्तिक फोनमध्ये असतो. ‘आधारचा फोटो व्हॉट्सॲप करा’ असे पाहुण्याला सांगणे पुण्यात इतके अंगवळणी पडले आहे की त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. तो फोटो फोनच्या गॅलरीत जातो, तिथून आपोआप त्या कर्मचाऱ्याच्या खासगी क्लाउड खात्यात जातो, आणि सहा महिन्यांनी तो कर्मचारी नोकरी सोडून बाणेरच्या दुसऱ्या हॉटेलात जातो तेव्हा शेकडो पाहुण्यांची ओळखपत्रे त्याच्याबरोबर जातात. त्याचा हेतू वाईट नसतो, पण त्या फोनचे पुढे काय होते यावर आपला कसलाही ताबा उरत नाही.

यावर उपाय कठीण नाही. हॉटेलच्या मालकीचा एक फोन आणि एक क्रमांक ठेवावा, त्यावर आलेला फोटो सॉफ्टवेअरमध्ये चढवल्यावर त्याच पाळीत पुसावा, आणि वैयक्तिक फोनवर ओळखपत्र घेण्यास लेखी मनाई करावी. आधार दाखवणाऱ्या पाहुण्याला मास्क्ड आधार चालेल असे आपणहून सांगावे. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र कोणी देत असेल तर आधारचा आग्रह धरू नये. पोलिसांच्या आदेशांनुसार पाहुण्यांची नोंद ठेवणे आपल्याला भागच आहे, त्यामुळे कोणती नोंद किती काळ ठेवायची हे स्थानिक पोलीस ठाण्याकडून लेखी विचारून घ्यावे आणि मुदत संपलेल्या प्रती महिन्यातून एकदा श्रेडरमध्ये घालाव्यात. रद्दीवाल्याकडे आधारचे झेरॉक्स जाणे हा मला आजही अस्वस्थ करणारा प्रकार आहे. परदेशी पाहुण्यांची माहिती २४ तासांत सरकारी पोर्टलवर भरावी लागते. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांमुळे आपल्याकडे असे पाहुणे वर्षभर असतात, म्हणून त्या पोर्टलचे लॉगिनही बँकेच्या लॉगिनइतकेच जपावे. फॉर्म भरून झाल्यावर पासपोर्टचा स्कॅन संगणकावर राहू देऊ नये.

कार्डांच्या बाबतीत नियम स्पष्ट आहेत. व्यवहार पूर्ण झाल्यावर कार्डामागचा तीन अंकी सीव्हीव्ही कुठेही, कागदावरही, ठेवता येत नाही. भारतीय कार्डांच्या ऑनलाइन व्यवहारांसाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने व्यापाऱ्यांना कार्ड क्रमांक साठवण्यास मनाई केली आहे आणि त्याऐवजी टोकन, म्हणजे खऱ्या क्रमांकाच्या जागी दिलेला सांकेतिक क्रमांक, वापरले जाते. असे असूनही कंपनीच्या प्रवास विभागाकडून आलेले, कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो असलेले ई-मेल अनेक हॉटेलांच्या इनबॉक्समध्ये वर्षानुवर्षे पडून असतात. ते आजच शोधून काढावेत आणि अशा ग्राहकांना यापुढे पेमेंट गेटवेची लिंक पाठवावी. ती लिंक कोणत्या नावाने आणि कोणत्या पत्त्यावरून येते हे त्यांना आधीच कळवलेले असावे.

रिसेप्शनवर सर्वांचे मिळून एकच लॉगिन असणे ही दुसरी मोठी उणीव आहे. ‘रिसेप्शन’ या नावाने आणि पाटीवर लिहिता येईल अशा पासवर्डने तिन्ही पाळ्या काम करतात, त्यामुळे घटना घडल्यावर कोणाच्या हातून काय झाले ते सांगता येत नाही आणि प्रामाणिक माणसावर संशय येतो. प्रत्येकाला स्वतःचे खाते द्यावे. त्याला कामापुरतेच अधिकार असावेत, म्हणजे रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याला वर्षभराच्या पाहुण्यांची यादी एक्सेलमध्ये काढता येण्याचे कारण नाही. हॉटेल मॅनेजमेंटच्या महाविद्यालयांतून काही महिन्यांसाठी येणाऱ्या प्रशिक्षणार्थींचे खाते त्यांच्या शेवटच्या दिवशीच बंद व्हावे. दूरस्थ दुरुस्तीसाठी एनीडेस्कसारखी प्रणाली कायमच्या पासवर्डसह रात्रंदिवस चालू ठेवलेली असते, तीही बंद करावी. दुरुस्ती करणाऱ्याला गरज असेल तेव्हा परवानगी द्यावी आणि काम झाले की काढून घ्यावी. रिसेप्शनच्या संगणकावर अजून विंडोज १० असेल तर तिचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हे ध्यानात घ्यावे. फायरवॉलआधी पैसे खर्चायचे असतील तर ते इथे खर्चावेत.

फोनवरून होणाऱ्या फसवणुकीचा वेगळा विचार करायला हवा. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील एमजीएम या मोठ्या हॉटेल व कॅसिनो कंपनीचे कामकाज कित्येक दिवस विस्कळीत झाले आणि तिला सुमारे १० कोटी डॉलरचा फटका बसला. त्या हल्ल्याची सुरुवात मदतकक्षाला फोन करून कर्मचारी असल्याची बतावणी करण्यापासून झाली, असे तेव्हा सर्वत्र प्रसिद्ध झाले. आपल्याकडे हाच प्रकार मालकांचा भाऊ, बुकिंग संकेतस्थळाचा अधिकारी किंवा पोलीस असल्याचे सांगून होतो. ‘मी चौकीवरून बोलतोय, आजच्या गेस्टची यादी पाठवा’ असा फोन आल्यावर विशीतल्या रिसेप्शनिस्टने नकार द्यावा अशी अपेक्षा करायची, तर नकाराचे शब्द आपणच तिच्या हाती द्यायला हवेत. ‘साहेब, आमच्याकडे तसा नियम आहे. मी पोलीस ठाण्याच्या लँडलाइनवर फोन करून खात्री करते आणि आमचे मॅनेजर यादी घेऊन स्वतः येतात’ हे वाक्य मराठी आणि हिंदीत लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला लावावे. हे वाक्य वापरल्याबद्दल कोणी रागावले तरी कर्मचाऱ्याला बोलणी खावी लागणार नाहीत, असे मालकांनी सर्वांसमोर सांगितलेले असावे. त्याशिवाय ते वाक्य भिंतीवरच राहते.

याच संदर्भात एका गोष्टीकडे मी विशेष लक्ष वेधेन. ‘अमुक मॅडम तुमच्याकडे उतरल्या आहेत का, कोणत्या खोलीत आहेत’ या फोनला हॉटेलात सर्रास उत्तर दिले जाते. विचारणारा नातेवाईक असेल, तसाच घर सोडून आलेल्या बाईचा पाठलाग करणाराही असेल. पाहुणा आपल्याकडे आहे किंवा नाही, यांपैकी काहीही न सांगता निरोप घ्यावा आणि पाहुणा असल्यास त्याला तो पोहोचवावा. खोलीचा क्रमांक काउंटरवर मोठ्याने उच्चारू नये, तो पाकिटावर लिहून द्यावा. सायबर सुरक्षेच्या चर्चेत या गोष्टी किरकोळ मानल्या जातात. पण पैसे गेले तर कधीतरी परत मिळू शकतात, आणि एकट्या राहणाऱ्या पाहुण्याच्या जिवाला निर्माण झालेला धोका कोणत्याही भरपाईने मिटत नाही.

तांत्रिक बाबींत थोडक्यात सांगतो. पाहुण्यांचे वाय-फाय आणि हॉटेलच्या कामाचे नेटवर्क पूर्णपणे वेगळे हवे, आणि पाहुण्यांच्या जाळ्यात एका खोलीतील उपकरणाला दुसऱ्या खोलीतील उपकरण दिसता कामा नये. ही सोय बहुतेक राउटरमध्ये आधीच असते, फक्त चालू करावी लागते. कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने नोव्हेंबर २०१४ मध्ये उघड केलेल्या ‘डार्कहॉटेल’ प्रकरणात हॉटेलच्या वाय-फायवर आलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना नेमके हेरून, सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याच्या बहाण्याने हेरगिरीची प्रणाली दिली जात होती. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांचे पाहुणे ज्यांच्याकडे उतरतात त्यांनी हे लक्षात ठेवावे. सीसीटीव्हीचा मूळ पासवर्ड बदलावा आणि सीसीटीव्ही इंटरनेटवर उघडा ठेवू नये. कार्डाने उघडणारी कुलुपे असतील तर पुरवठादाराला एक प्रश्न लेखी विचारावा. मार्च २०२४ मध्ये संशोधकांनी सॅफलॉक जातीच्या कुलपांतील दोष जाहीर केला. १३१ देशांतल्या सुमारे १३,००० ठिकाणची ३० लाखांहून अधिक कुलुपे त्यात मोडत होती आणि हॉटेलच्या कोणत्याही एका जुन्या कार्डावरून सगळी दारे उघडणारी कार्डे तयार करता येत होती. आपली कुलुपे त्यात आहेत का आणि असल्यास सुधारणा झाली आहे का, हे कळायला हवे.

बॅकअप आहेच असे मात्र घाईने गृहीत धरू नये. सॉफ्टवेअर क्लाउडवर असले तरी आपला डेटा आपल्याला काढून मिळतो का, किती वेळात मिळतो, हे एकदा प्रत्यक्ष करून पाहावे. सॉफ्टवेअर हॉटेलातल्याच संगणकावर असेल तर रोजची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवावी. कायम जोडलेली डिस्क खंडणीखोर प्रणाली संगणकाबरोबरच कुलूपबंद करते. ऑस्ट्रियातील एका हॉटेलवर जानेवारी २०१७ च्या सुमारास असा हल्ला झाला तेव्हा नव्या पाहुण्यांसाठी चावीची कार्डेच बनवता येईनात आणि मालकांना सुमारे १,५०० युरो बिटकॉइनमध्ये मोजावे लागले. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला येणाऱ्या आणि राहत असलेल्या पाहुण्यांची यादी छापून बंद खणात ठेवावी आणि पाळी संपल्यावर नष्ट करावी. सगळे बंद पडले तरी त्या कागदावर एक रात्र निभावते. आणि हल्ले बहुधा सुट्टीच्या दिवशी होतात. पुण्याच्याच कॉसमॉस बँकेतून २०१८ च्या ऑगस्टमध्ये ९४ कोटी रुपये गेले त्याची सुरुवात शनिवारी झाली होती. गणेशोत्सव, लग्नाच्या तिथी आणि लागून आलेल्या सुट्ट्या या काळात, म्हणजे जेव्हा आपले मन फक्त खोल्या भरण्याकडे असते तेव्हा, घटना घडल्यास कोणाला फोन करायचा हे नावानिशी ठरलेले असावे.

सायबर विमा घ्यावा का, हाही प्रश्न पुढे येईलच. वरील कामे झाल्यावर जरूर घ्यावा, आधी नाही. प्रस्तावाच्या अर्जात द्विस्तरीय पडताळणी सर्व खात्यांवर आहे का, बॅकअप वेगळा ठेवला जातो का, असे प्रश्न असतात. प्रतिनिधीच्या सांगण्यावरून तिथे ‘होय’ लिहिले आणि प्रत्यक्षात तसे नसले, तर दाव्याच्या वेळी तेच वाक्य आपल्याविरुद्ध वापरले जाते. पाहुण्यांच्या बुडालेल्या पैशांची भरपाई त्या पॉलिसीत धरली आहे की केवळ आपल्या यंत्रणेच्या दुरुस्तीचा खर्च धरला आहे, हे सही करण्यापूर्वी विमा कंपनीकडून लेखी मागून घ्यावे.